विटेची परीक्षा

पंढरीचा देव विटेवर उभा आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पुंडलिकाची आईबापांची सेवा चालली होती. दारात आलेल्या देवाला बसायला द्यायला उसंत नव्हती, म्हणून त्याने हाताशी होती ती वीट पुढे सरकवली आणि देव तिच्यावर उभा राहिला, अशी कथा आहे. त्या विटेने देवाचा भार पेलला. आपल्या घराची, शाळेची, विहिरीच्या कठड्याची वीट आपला भार किती पेलेल, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. वीट लाल आहे ना, मग झाले, असे आपण म्हणतो. आज या साध्या प्रश्नाचा थोडा इतिहास आपल्यापुढे ठेवायचा आहे.

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर नागोठणे मागे पडल्यावर निडीचे लहानसे स्थानक लागते. पुढचे स्थानक रोहे. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरे दिसतात. भात कापून झाले आणि जमीन वाळू लागली, की या पट्ट्यात जागोजाग वीटभट्ट्या उभ्या राहतात. शेतातली किंवा नदीकाठची माती खणायची, तिच्यात भाताचे तूस आणि कोळशाची भुकटी घालायची, पाणी घालून चिखल तुडवायचा, साच्यात भरून थापायचा, कच्च्या विटा उन्हात वाळवायच्या आणि मग रचून भाजायच्या. हे काम करणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातले कातकरी बांधव फार मोठ्या संख्येने आहेत. पावसाळ्यात घेतलेल्या उचलीपायी अख्खे कुटुंब हंगामभर भट्टीवर राहते, हे आपण पाहतोच. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ साली झाला, पण उचलीचे ओझे काही सर्वांच्या डोक्यावरून उतरले नाही. म्हणजे विटेने भिंतीचा भार पेलण्याच्या आधी तिचा भार कोणीतरी पेललेला असतो. एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

गवंडी वीट कशी पारखतो? दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर हलकेच आपटतो. खणखणीत आवाज आला तर वीट चांगली. बद्द आवाज आला तर ती कच्ची किंवा आतून तडकलेली. मग नखाने ओरखडा काढून पाहतो. ओरखडा उठला तर भाजणी कमी पडली. तिसरी पारख म्हणजे वीट कमरेइतक्या उंचीवरून जमिनीवर टाकायची. ती फुटता कामा नये. चौथी, रात्रभर पाण्यात ठेवायची; फार पाणी पिणारी वीट पावसाळ्यात दगा देते. या पारखा कोणा पुस्तकात वाचून आलेल्या नाहीत. बापाकडून मुलाकडे, मिस्त्रीकडून हाताखालच्या पोराकडे त्या आल्या आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. विटेत भेग असली तर तिचा नाद बिघडतो, हे शास्त्रालाही मान्य आहे. पण या पारखेत एक उणीव आहे. वीट चांगली की वाईट, एवढेच ती सांगते. किती चांगली, ते सांगत नाही.

आपल्या पूर्वजांनी हा आकडा माहीत नसतानाच मोठमोठी बांधकामे केली. सिंधू संस्कृतीतल्या लोकांनी विटेची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण एकास दोन, दोनास चार असे बांधून घेतले होते. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तो विटांचाच. आपल्या घारापुरीच्या बेटावरही लेण्यांपासून दूर, टेकडीवर, विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. मराठवाड्यात तेरचे त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे. आकड्यावाचून हे कसे साधले? एक तर भिंती जाड ठेवून. आणि दुसरे म्हणजे, वीट आणि दगड यांचा स्वभाव त्यांनी अनुभवाने नीट ओळखला होता म्हणून.

हा स्वभाव कोणता, ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. शिक्षकांनी वर्गातला एक खडू घ्यावा. दोन्ही टोके धरून वाकवला की कट्‌कन मोडतो. आता त्याचाच अर्ध्या बोटाएवढा तुकडा घेऊन टेबलावर उभा ठेवा आणि अंगठ्याने दाबा. अंगठा दुखेल, पण खडू लवकर हार मानणार नाही. खडू तोच, मग हा फरक का? वाकवताना खडूची एक बाजू ताणली जाते. ताणाने आतली बारीकशी भेग उघडते आणि पळत सुटते. दाबताना बहुतेक भेगा उलट मिटतात. वीट, कौल, मडके, चिनी मातीची कपबशी, काच, दगड ही सगळी याच जातीची. यांना आपण ठिसूळ म्हणतो. लोखंडाची सळई मोडण्यापूर्वी वाकून इशारा देते. ठिसूळ वस्तू इशारा देत नाही. ती दाबाला खंबीर आणि ताणाला नाजूक असते.

निडीच्या शेजारी नागोठण्याला अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. चौलच्या काझी अलाउद्दीनने तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधला, असे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेले आहे. त्याच्या कमानींकडे जरा निरखून पाहा. कमान म्हणजे दगडाचा स्वभाव ओळखून केलेली युक्ती. वरचा भार एका दगडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा सरकत पायापर्यंत जातो, आणि वाटेत प्रत्येक दगड नुसता दाबला जातो. ताणला कुठेच जात नाही. बांधणाऱ्याने आकडेमोड केली नसेल, पण खडूचा धडा त्याला पाठ होता.

दाब मोजण्याची हौस पुढे युरोपात निर्माण झाली. १६३८ साली गॅलिलिओने आपल्या म्हातारपणीच्या ग्रंथात, तुळई किती भाराने मोडेल हा प्रश्न गणिताने सोडवण्याचा यत्न केला. १७२९ साली हॉलंडमधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या मुशेनब्रुक या प्राध्यापकाने वस्तू ओढून, दाबून आणि वाकवून मोडण्याची यंत्रे आणि त्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पण या विद्येला खरी धार आली ती एका भांडणातून.

पॅरिस शहरात सुफ्लो नावाचा स्थपती एक भव्य चर्च बांधीत होता. आज ती इमारत पँथेऑन म्हणून ओळखली जाते. मधला प्रचंड घुमट अगदी सडपातळ खांबांवर तोलायचा, असा त्याचा बेत होता. १७७० साली पात नावाच्या दुसऱ्या स्थपतीने जाहीर आक्षेप घेतला, की हे खांब घुमटाला पेलणार नाहीत. पूर्वी असा वाद असता तर ज्याचा आवाज मोठा किंवा दरबारात वजन जास्त, त्याचे खरे ठरले असते. या वेळी गोते नावाच्या पूल बांधणाऱ्या अभियंत्याने तरफेचे एक यंत्र केले. इमारतीच्या दगडाचे लहान लहान ठोकळे त्याखाली ठेवून, दगड फुटेपर्यंत वजन वाढवत नेले. खांबांवर येणाऱ्या भाराच्या कितीतरी पट दाब दगड सोसतो, असे दिसून आले. सुफ्लोची बाजू खरी ठरली.

पण गोष्ट इथे संपत नाही. घुमट चढू लागला आणि त्याच खांबांना तडे जाऊ लागले! दगड तर परीक्षेत पास झालेला. मग दोष कुठे होता? राँदले या सुफ्लोच्या सहकाऱ्याने शोध घेतला. गवंड्यांनी सांधे बाहेरून बारीक आणि सुबक दिसावेत म्हणून दगडांच्या फक्त कडा नीट घडवल्या होत्या, आणि आतला भाग खोलगट ठेवून तिथे पाचरी मारल्या होत्या. त्यामुळे सगळा भार दगडाच्या अंगभर पसरण्याऐवजी नुसत्या कडांवर आला आणि कडा उडाल्या. शेवटी खांब जाड करावे लागले. तेव्हा दगडाचा आकडा खरा होता आणि बांधणी खोटी होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. तिचे काम पुढे पडणार आहे.

पुढे १७९५ साली इंग्लंडात ब्रामा याने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मालमोटारीचे चाक बदलताना ड्रायव्हर एका हाताने जॅक मारतो आणि भरलेली गाडी उचलली जाते, तेच तत्त्व. आता तरफेवर वजने रचत बसण्याचे कारण उरले नाही. १८६६ साली लंडनमध्ये कर्कल्डी नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने, पैसे घेऊन कोणाचाही माल तोडून देणारी परीक्षाशाळा उघडली. पुढे तिची नवी इमारत झाली. तिच्या दारावर त्याने कोरून घेतलेल्या अक्षरांचा अर्थ असा, की इथे वस्तुस्थिती मिळेल, मते मिळणार नाहीत. कारखानदार काय म्हणतो, गिऱ्हाईक काय म्हणते, ते बाहेर ठेवा. आत यंत्र बोलेल.

यंत्र बोलू लागले तसे एक कोडे मात्र पुढे आले. एकाच मातीच्या, एकाच भट्टीतल्या, एकाच दिवशी भाजलेल्या दोन विटा घ्या. एक जेवढ्या भाराला फुटते त्याच्या दीडपट भार दुसरी सहज पेलते. लोखंडात असे फारसे होत नाही. मग विटेतच का? १९२० साली ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेवर प्रयोग करून याचा उलगडा केला. ठिसूळ वस्तूचे बळ तिच्या साऱ्या अंगावर अवलंबून नसते. तिच्यातल्या सर्वांत वाईट भेगेवर असते. १९३९ साली स्वीडनच्या वायबुल याने त्याला गणिताची जोड दिली. साखळी जशी तिच्या सर्वांत कमजोर कडीवर तुटते, तशी ठिसूळ वस्तू तिच्या सर्वांत वाईट दोषावर फुटते. चिखल तुडवताना राहिलेला एक खडा, चुन्याची एक गाठ, वाळताना पडलेली एक केसासारखी चीर, यांपैकी काय कोणत्या विटेत आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून एका विटेची साक्ष ढिगाऱ्याला लागू पडत नाही. पुष्कळ विटा फोडून पाहाव्या लागतात.

आपल्या देशात या विद्येची सुरुवात कालव्यांच्या निमित्ताने झाली. १८४७ साली रुडकीला अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले. त्याच्या जवळच सोलानी नदीवरून गंगेचा कालवा पलीकडे नेणारा, पंधरा कमानींचा विटांचा जलसेतू बांधला गेला, आणि १८५४ साली कालव्याला पाणी सुटले. त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला; तेच पुढे पुण्याचे प्रसिद्ध महाविद्यालय झाले. १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिने १९५७ साली भाजलेल्या विटेचे मानक ठरवले आणि १९६६ साली ती तपासायची कशी, याचे नियम घालून दिले. पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या. आज स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणाऱ्या महाविद्यालयात विटा दाबण्याचे यंत्र असतेच.

आता प्रत्यक्ष परीक्षा कशी होते ती पाहा. पाच विटा घ्यायच्या. त्यांचे दोन्ही रुंद पृष्ठभाग घासून सपाट करायचे. मग चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायच्या. याचे कारण कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वीट भिजली की तिचे बळ कमी होते, आणि परीक्षा पावसाळ्यातल्या विटेची व्हायला हवी. विटेवर भट्टीवाल्याच्या नावाचा खळगा असतो, तो एकास एक प्रमाणाच्या सिमेंटवाळूने भरायचा. वीट एक दिवस ओल्या गोणपाटाखाली आणि पुढे तीन दिवस पाण्यात ठेवायची. मग ती यंत्रात आडवी ठेवून वर आणि खाली तीन मिलिमीटर जाडीची प्लायवुडची पट्टी घालायची. पट्टी कशासाठी? विटेला जरासा उंचवटा राहिला असेल तर सगळा भार त्याच ठिकाणी येईल आणि चांगली वीटही लवकर फुटेल. पँथेऑनच्या खांबांच्या कडा आठवतात ना? तोच धडा इथे नियम होऊन बसला आहे. मग भार एकसारख्या गतीने वाढवत न्यायचा. वीट फुटेल तेव्हाच्या भाराला तिच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागले, की विटेचे दाबबळ मिळाले.

मानकातल्या सर्वांत खालच्या वर्गाच्या विटेलाही दर चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो भार पेलावा लागतो. प्रमाण आकाराची वीट १९० मिलिमीटर लांब आणि ९० मिलिमीटर रुंद असते. तिच्या सगळ्या अंगावर हा भार मोजला तर सुमारे सहा टन होतो. अशा एका विटेचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरते. म्हणजे एका विटेवर सरळ एकावर एक दोन हजार विटा ठेवल्या, तरी खालची चिरडणार नाही! आपल्या घराची तीन मीटर उंचीची भिंत स्वतःच्या वजनाने तळच्या विटेवर जो दाब आणते, तो या बळाच्या साठाव्या हिश्शाइतकाही नसतो.

मग भिंती पडतात कशा? हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. भिंत सहसा चिरडून पडत नाही. पाया एका बाजूने खचला, भिंत फुगली, सांध्यांतला माल पावसाने धुऊन गेला, जमीन हादरली, की दाबाच्या जागी ताण येतो. आणि ताण हा विटेचा आणि दगडाचा वैरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तिथल्या घरांच्या दगडी भिंती चांगल्या जाड होत्या, पण त्या मातीत रचलेल्या होत्या. दगड फुटले नाहीत. भिंती उकलल्या, आणि हजारो माणसे त्यांखाली गेली. म्हणूनच त्यानंतर दारांखिडक्यांच्या वरून सबंध घराला लोखंड घातलेल्या काँक्रीटचा पट्टा फिरवावा, असा आग्रह धरला जाऊ लागला. ताण सोसायचे काम लोखंडाने करायचे, दाबाचे विटेने. आपल्याच जिल्ह्यात महाडला सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात कोसळला, ती रात्र आपण विसरलेलो नाही. कमान दाबावर उभी असते, आणि दाब घ्यायला तिचे पाय जागेवर असावे लागतात.

तर मग आकड्याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयाच्या एका गावात शाळेची नवी खोली बांधली गेली. गावाचे नाव सांगत नाही. विटांच्या परीक्षेचा कागद फायलीत होता आणि आकडा उत्तम होता. दोन पावसाळे गेले आणि भिंतीच्या विटांचे पापुद्रे सुटू लागले. बोट लावले की लाल भुगा हाताला येई. मुले त्या भुग्याने फरशीवर चित्रे काढीत. चौकशी केली तेव्हा कळले, की परीक्षेला गेलेल्या पाच विटा भट्टीच्या ऐन मधल्या, एकसारख्या भाजलेल्या, निवडून निवडून काढलेल्या होत्या. भिंतीत गेल्या त्या कडेच्या, अर्ध्या कच्च्या. यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याच्यापुढे साक्षीदारच शिकवून उभे केले होते. सुदैवाने खोली वेळेवर रिकामी केली आणि कोणाला इजा झाली नाही.

ठिसूळ वस्तूच्या बाबतीत ही लबाडी दुप्पट घातक असते, कारण तिथे सर्वांत कमजोर तुकडाच शेवटचा शब्द बोलतो. म्हणून मानकातही नुसती सरासरी पाहून भागत नाही. पाचांपैकी एकही वीट वर्गाच्या ठरलेल्या बळाच्या वीस टक्क्यांहून अधिक खाली जाता कामा नये, अशी अट आहे. वर्गातली चार मुले पहिली आली म्हणून पाचव्याचे नापास होणे झाकता येत नाही, तसेच हे आहे.

तेव्हा आपल्या गावात शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर काहीही बांधायला निघाले, की शाळा समितीने आणि पंचायतीने एवढे करावे. विटांचा ढीग येऊन पडला, की तपासणीच्या विटा पुरवणाऱ्याला निवडू देऊ नयेत. वरची, खालची, मधली, कडेची, कोपऱ्यातली अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या विटा चार माणसांदेखत आपण काढाव्यात, त्यांच्यावर खूण करावी आणि मगच त्या पाठवाव्यात. तोपर्यंत गवंड्याची जुनी पारख आहेच. नाद ऐका, नख ओढा, वीट पाण्यात ठेवा. कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यात ठेवली आणि पुन्हा तोलली, तर साध्या वर्गाच्या विटेचे वजन वीस टक्क्यांहून जास्त वाढू नये. हा प्रयोग सातवीच्या वर्गात एका तराजूवर होतो. मुलांनाही टक्केवारी कशासाठी शिकायची ते एकदाचे कळेल.

आणि भट्टीवर जाल तेव्हा चिखल तुडवणाऱ्या माणसाशी दोन शब्द जरूर बोला. चिखलात खडा राहिला की नाही, वीट सावकाश वाळली की घाईत, हे त्याला यंत्राच्या आधी माहीत असते. त्याला पुरते दाम आणि पुरता वेळ मिळाला, तर विटेतली पहिली भेग तिथेच टळते. पुंडलिकाने देवाला दिलेली वीट कोणी थापली, ते कथेत सांगितलेले नाही. आपल्या शाळेची वीट कोण थापतो, ते मात्र आपल्याला विचारता येते.